नवऱ्याच्या कपड्यांची धूळ

माझ्या नवऱ्याची फुफ्फुसं हा आमच्या घरात कायम काळजीचा विषय होता. मलाही फुफ्फुसं आहेत, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

नवरा पत्रे बसवणारा मिस्त्री. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला, वाशीम रोडवर त्याच्या एका मित्राचं सिमेंटच्या पत्र्यांचं दुकान होतं. सगळा गाव त्या मित्राला भाई म्हणायचा, म्हणून मीही भाईच म्हणते. भाई पत्रे विकायचा आणि नवरा ते मापात कापून, भोकं पाडून लोकांच्या घरांवर, गोठ्यांवर बसवून द्यायचा. मेडशीपासून अनसिंगपर्यंत कोणत्याही गावातून एसटी गेली की हा खिडकीतून बोट दाखवायचा, "ते मी टाकलेलं हाय." दुसरे लोक प्रवासात झाडं, डोंगर बघतात. मी लग्नापासून छपरं बघत आले.

आधी पत्रे करवतीनं कापले जायचे. मग ग्राइंडर आलं. ते आलं त्या दिवशी भाईनं दुकानात पेढे वाटले, कारण घामाघूम होऊन करायचं काम आता चहा निवायच्या आत व्हायला लागलं. धूळही तितक्याच वेगानं उडायला लागली. नवरा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. तिशीतच सत्तरीचा दिसायचा. आता खरोखर म्हातारा झालाय, तर मिशा काळ्या करतो.

सासूचा जीव तुटायचा. "माह्या लेकराची छाती भरून राह्यली वं धुळीनं," असं म्हणत ती दारातच गुळाचा खडा घेऊन उभी राहायची. गूळ धुळीला खातो, छातीतून खाली ओढून नेतो, असं आमच्याकडे पक्कं मानतात. वर निरशा दुधाचा पेला. नणंद मेडशीहून यायची तेव्हा भावासाठी मऊ कापडाचा रुमाल आणायची, नाकाला बांधायला. तो रुमाल बांधायचा नाही, घाम पुसायचा, पण रुमाल आणणाऱ्या बहिणीचं कौतुक व्हायचं. भाईनंसुद्धा त्याला एक प्लास्टिकचा चष्मा आणून दिला होता.

मला त्याचे कपडे मिळायचे.

ते तसेच भिजवले तर बादलीत चिखल व्हायचा, म्हणून आधी झटकावे लागत. मागच्या अंगणात जाऊन शर्टाचे दोन्ही खांदे धरायचे आणि भिंतीवर फाडफाड आपटायचे. पँटचे खिसे उलटे केले की पिठासारखी भुकटी पडायची. हे मी रोज केलं. शेजारणीशी गप्पा मारत केलं, गाणं म्हणत केलं, पोटात लेक होती तेव्हाही केलं. त्या वेळी तोंडावर पदर घ्यायची का? घ्यायची. सासरा समोरून गेला तर.

लेक मोठी झाली, शिकली, नागपूरला नोकरीला लागली. सासू-सासरे गेले. गुळाचा खडा देण्याचं काम सासू जाताना माझ्याकडे सोपवून गेली होती आणि मी ते इमानानं करत होते. अशात माझ्या उजव्या बरगडीत दुखायला लागलं.

गावातल्या डॉक्टरनं सांगितलं, गॅस. गॅसच्या गोळ्या झाल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या चढले की धाप लागायला लागली, तेव्हा त्यानं सांगितलं, अशक्तपणा. लाल बाटली झाली. पुढच्या खेपेला त्यानं माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "घरात काई टेन्शन हाय का?" नवरा विचारात पडला आणि म्हणाला, "नाई बा, मले तं नाई." डॉक्टरनं मान डोलावली. बाईचं वय झालं की असं होतंच, असं म्हणाला आणि झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीनं मी छान झोपले. छातीतलं पाणी मात्र वाढत राहिलं.

ते पाणी वाशीमला एक्स-रे काढल्यावर दिसलं. सुई घालून काढलं. पाणी म्हणजे टीबी, असं धरून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आमच्या भागात छातीत पाणी झालं की शंभरातल्या बहुतेकांना तेच निघतं म्हणे, त्यामुळे त्या डॉक्टरला मी फार दोष देत नाही. दोष देते तो माझ्या नणंदेला. टीबीचं ऐकून ती मला भेटायला आली, तेव्हा पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास घेऊन आली.

"काहून वं, आमच्या घरी गिलास नाई का?" मी विचारलं.

"तसं नाई वयनी," ती म्हणाली, "मले माह्याच गिलासानं तहान भागते."

तिच्या तहानेला तोड नव्हती. जेवायला मात्र तिनं माझ्या हातचं पुरण चाटूनपुसून खाल्लं. टीबी गिलासातून होतो, पुरणातून होत नाही.

गोळ्यांचा कोर्स संपला आणि पाणी परत भरलं. मग लेकीनं कोणाचं ऐकलं नाही. सरळ येऊन मला नागपूरला घेऊन गेली. मागोमाग नवराही आला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅन झालं, बरगडीतून आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि काही दिवसांनी आम्हा तिघांना एका डॉक्टरीणबाईसमोर बसवलं. लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं आधी मला विचारलं, बिडी? नाही. तंबाखू, गुल, मिसरी? नाही. चुलीवर स्वयंपाक? पूर्वी होता. मग ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही काय काम करता?"

आपल्याला कोणी विचारलं म्हणून नवरा खुश झाला. खुर्चीत सावरून बसला. "पत्रे बसवतो, म्याडम. सिमेंटचे. तुमचं काई काम असन तं सांगा, नागपूरले बी येतो."

डॉक्टरीण लिहायची थांबली. "कापता कशानं?"

"ग्राइंडरनं." त्यानं दोन्ही हातांनी ग्राइंडर धरल्यासारखं करून तोंडानं घर्रर्र केलं.

"धूळ उडते?"

"लय उडते. पन मी गूळ खातो."

"आणि घरी आल्यावर कपडे कोण धुतं?"

"हे काय, हे बसली," असं म्हणून त्यानं हसत माझ्याकडे बोट दाखवलं. तेच बोट, छपरं दाखवायचं. हसू ओठांवरच राहिलं, कारण डॉक्टरीण हसत नव्हती आणि लेक रडायला लागली होती.

मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं. सिमेंटच्या या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या दगडाचे तंतू घातलेले असतात, केसाहूनही कितीतरी बारीक. पत्रा कापला की ते उडतात, श्वासातून आत जातात आणि फुफ्फुसावरच्या आवरणात रुतून बसतात. तिथे वीस, तीस, चाळीस वर्षं गप्प राहतात. कापणाऱ्याच्या छातीत जातात तसेच त्याचे कपडे झटकणाऱ्या बाईच्याही जातात. मला झालेल्या कॅन्सरचं नाव मेसोथेलिओमा. हे नाव मला पाठ व्हायला दोन किमो लागले. भाईला ते कधीच आलं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मतलब थैली का है." फुफ्फुसाची थैली. मला ते बरं वाटलं. मीही लोकांना थैलीचा कॅन्सर असंच सांगायला लागले.

नवऱ्याचीही तपासणी झाली. त्याचं आवरण एका जागी जरासं जाड झालेलं होतं, बाकी ठीक. वर्षाला दाखवत जा म्हणाले. मी डॉक्टरणीला विचारलं, "एवढी धूळ त्यानं खाल्ली, मग मलाच कसं?" ती म्हणाली, काहींना होतो, काहींना होत नाही, कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. ही बातमी मेडशीला पोचली तेव्हा नणंदेनं फोनवर सुटकेचा मोठा श्वास सोडला. "माह्या भावाची छाती साफ निघाली ना? बस झालं बाई. जीव टांगनीले लागलता." तिच्यात तेवढी हवा होती, मला हेवा वाटला.

पहिला किमो घेऊन आम्ही एसटीनं परत येत होतो. मला मळमळत होतं, म्हणून नवऱ्यानं खिडकी दिली होती. कारंजापर्यंत त्यानं एकही छप्पर दाखवलं नाही. गाडी स्टँडवर थांबली तशी तो खाली उतरला आणि कागदात बांधलेला गूळ घेऊन आला. पुडी माझ्या मांडीवर ठेवून समोर बघत बसला.

"हे काय?" मी विचारलं.

"इतके साल मी एकटाच खात आलो," तो म्हणाला. "तुले कई इचारलं बी नाई."

"आता खाऊन काय उपेग? डॉक्टरीण म्हने, गुळानं काई होत नाई."

"मालूम हाय मले. खा."

मी खाल्ला. तोंडाची चव गेली होती, माती खाल्ल्यासारखा लागला. तो माझ्याकडे बघत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं माफी म्हणून जे काही मागितलं असेल ते एवढंच, आणि तेही मलाच चावायला लावलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यानं कपडे अंगणातच उतरवले, थेट पाण्याच्या टबात बुडवले आणि स्वतः धुवायला बसला. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, झटकायचे नाहीत, ओले करायचे. आमच्या गल्लीत पुरुष कपडे धुतोय हे दृश्य नवं होतं. समोरच्या दोघी जणी तर काम सोडून ओट्यावर बसल्या. महिनाभरात ऐकू आलं, "बिमारीचं निमित्त करून नवऱ्याले धुनं धुवाले लावलं." मी टक्कल झाकायला डोक्याला रुमाल बांधून खाटेवर पडलेली. म्हटलं, बायांनो, जमलं तर तुम्हीही करा, फक्त कॅन्सर तेवढा लागतो. धुणं मात्र त्यानं भिकार धुतलं. साबण तसाच राहायचा आणि वाळल्यावर पँट पापडासारखी उभी राहायची.

भाई भेटायला आला तो आधी भांडायलाच. "भाभी, सारी दुनिया इसीके नीचे रहती है. आमच्या मदरशावर हेच, तुमच्या विहाराच्या मंडपावर हेच, शाळेवर हेच. मग सारा गाव नाई मरला?"

मी त्याला लेकीनं समजावलेलं सांगितलं. बसलेला, धड पत्रा सहसा काही करत नाही. कापला, फोडला, घासला की तो जीवघेणा. भाईनं चहाचा कप तोंडाला लावता लावता खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "मेरी बेगम भी तो झटकती है." चहा तसाच ठेवून उठला. दोन दिवसांनी त्यानं बेगमला अकोल्याला नेऊन छाती तपासून आणली. सध्या तरी स्वच्छ निघाली. त्याच आठवड्यात दुकानात ग्राइंडरच्या पात्यावर पाण्याची नळी सोडली गेली. इतकी वर्षं पाणी त्याच दुकानात होतं. हातपाय धुवायला.

कोणी तरी सांगितलं, कामामुळे आजार झाला तर सरकारकडून मदत होते. नवऱ्याच्या नावानं कामगार म्हणून नोंदणी होतीच. आम्ही वाशीमला ऑफिसात गेलो. टेबलामागच्या बाबूनं कागद उलटेपालटे केले.

"कामगार कोन?"

"मी," नवरा म्हणाला.

"मग बिमार कोन?"

"मी," मी म्हणाले.

"असं नाई जमत बाई. बिमार कामगारच पाहिजे." मग त्यानं मला विचारलं, "तुमी काय करता?"

"मी घरीच असते."

"पाहा," तो समजुतीनं म्हणाला, "घरी असलेल्या मानसाले कामाची बिमारी कशी होईन?"

"कपडे धुवून," मी म्हणाले.

"ते घरचं काम झालं."

"मग यांना बिमार पडू द्यायचं का? तोवर थांबू आम्ही?"

बाबूला राग आला नाही. तो भला माणूस होता. त्यानं खरोखर थोडा विचार केला आणि म्हणाला, "नाई, पन तसं झालं तं केस एकदम पक्की बनन."

त्या उन्हाळ्यात एका पत्र्यांच्या कंपनीनं वाशीमबाहेरच्या एका लॉनवर दुकानदार-मिस्त्र्यांचा मेळावा ठेवला. जोडीनं यायचं आमंत्रण होतं. जेवणात पनीर आणि गुलाबजाम. नवरा जायला तयार नव्हता, मी म्हटलं, चला, मला पनीर खायचंय. टाय लावलेला एक साहेब स्टेजवर आला. म्हणाला, हल्ली लोक काही काही पसरवतात, पण आमच्या पत्र्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस पांढरं असतं, ते निर्धोक असतं, सिमेंटमध्ये घट्ट बांधलेलं असतं. काही शंका असतील तर विचारा.

मी डोक्याला रुमाल बांधलेला, तशीच उभी राहिले. मला खाली बसवायचं सोडून भाईनं मागून माझ्या नवऱ्याचाच शर्ट ओढला.

"साहेब, तुमचं घर कायचं हाय?"

साहेब हसला. "म्हणजे ताई?"

"वर काय हाय? पत्रे का स्लॅब?"

"स्लॅब आहे."

"काहून? एवढे निर्धोक पत्रे घरचेच असून?"

लोक हसले. साहेबही हसला, म्हणाला, ताई फार गमतीदार आहेत, आणि पुढची चित्रं दाखवायला लागला. घट्ट बांधलेला पत्रा ग्राइंडरखाली आल्यावर काय होतं, याचं चित्र त्यांच्याकडे नव्हतं. निघताना प्रत्येक बाईला एक-एक डबा भेट मिळाला. मलाही. वाटणारी मुलगी म्हणाली, "मावशी, तब्येत बरी नाही का?" मी म्हणाले, "पांढऱ्यातलीच आहे, निर्धोक."

किमो संपले. केस आले, पूर्वीपेक्षा कुरळे. डॉक्टरीण "बरी झालात" असं म्हणत नाही, "सध्या गप्प आहे" म्हणते. दर काही महिन्यांनी आम्ही नागपूरला जाऊन ते गप्प आहे ना, हे विचारून येतो. नवऱ्यानं एक दिवस ग्राइंडर भाईच्या दुकानात नेऊन टेकवलं आणि सिमेंटच्या पत्र्याला हात लावायचं सोडलं. भाईनंही उरलेला माल परत पाठवला आणि रंगीत टिनाचे पत्रे ठेवायला लागला. भाभीसाठी, म्हणजे माझ्यासाठी, धंदा सोडला, असं तो सगळ्यांना सांगतो. लोकांना तसेही आता निळे-लाल पत्रेच पाहिजे असतात, हे तो सांगत नाही. मीही सांगत नाही. कारण कोणतंही असो, गल्लीत पूर्वीसारखं घर्रर्र ऐकू येत नाही.

आमच्या स्वयंपाकघरावर जुने सिमेंटचे पत्रे होते, कडा फुटलेले. पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून, न फोडता नवऱ्यानं ते उतरवले. ते अजून अंगणातच होते, तर शेजारी आला.

"फेकून राह्यले तं मले द्या. बकऱ्याच्या कोठ्याले होतीन."

नवरा म्हणाला, "नाई देत. विष हाय ते."

"फुकट द्यायचं म्हटलं की विष होते," शेजारी म्हणाला आणि रागानं निघून गेला. आम्ही ते पत्रे ओल्या पोत्यांत गुंडाळून शेताच्या कडेला खोल खड्ड्यात पुरले. आम्ही पत्रे मातीत घातले पण माणसाला दिले नाहीत, ही आमच्या कंजूषपणाची गोष्ट गावात अजून सांगतात. शेजाऱ्यानं महिनाभरात दुसऱ्या दुकानातून नवे सिमेंटचे पत्रे आणलेच. मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं आणि ब्लाऊज वर करून बरगडीवरची सुयांची भोकं दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज गल्लीभर ऐकू आला, "इथं कापाले आनलं तं पाय मोडीन! वावरात जाय, पानी मारून काप!" शेजारी ग्राइंडर आणि पाण्याचा डबा घेऊन मुकाट वावराकडे गेला. जाताना आमच्या घराकडे बघून थुंकला.

आमच्या स्वयंपाकघरावर आता टिन आहे. मे महिन्यात ते असं तापतं की भाकरी गॅसवर भाजायची गरज नाही. मी ओरडते, नवरा म्हणतो फॉल सीलिंग करू, मी म्हणते आधी पंखा लाव. पंखा आणून चार दिवस झाले, अजून खोक्यातच आहे. सगळ्या जिल्ह्याची छपरं टाकणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात एक हुक ठोकायला सवड नाही.